वाचकांचे प्रश्न : कुकरची शिट्टी आणि कंपनीचा एचआर

कॅम्पस मुलाखतींचे दिवस आले की या सदराच्या टपालात एकच विषय येतो : खोलीत बसून व्हिडिओवर द्यायची नोकरीची मुलाखत. या वेळी पाच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : सदाशिव पेठेत खोली घेऊन राहते. खोलीला एकच खिडकी आहे. व्हिडिओवर माझा चेहरा काळाठिक्कर दिसतो आणि मागची खिडकी मात्र लख्ख. नवा कॅमेरा घ्यावा का?

नको. टेबल फिरवा. कॅमेरा समोरच्या एकूण उजेडाचा अंदाज घेऊन चित्र गडद-फिकं करतो. मागे खिडकी असली की तिच्या उजेडापायी तो सगळंच चित्र गडद करतो आणि त्यात तुमचा चेहरा बुडतो. तीच खिडकी समोर किंवा जरा तिरकी आली की निम्मं काम झालं. ऊन थेट तोंडावर येत असेल तर खिडकीला पातळ पांढरी ओढणी लावा.

पेठांत बऱ्याचदा खिडकीसमोर हातभरावर शेजारची भिंत असते, त्यामुळे दुपारीही उजेड बेताचाच. अशा वेळी टेबललॅम्प लॅपटॉपच्या मागे ठेवा, पण तोंडावर रोखू नका. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर रोखा, म्हणजे भिंतीवरून परतणारा उजेड मऊ पडतो. एकटी डोक्यावरची ट्यूब लावली तर डोळ्यांखाली सावल्या पडून माणूस आजारी दिसतो. चित्रात आडवे पट्टे सरकत असतील तर तो ट्यूबचा दोष नव्हे. आपली वीज 50 हर्ट्झची आणि कॅमेरा 60 वर लावलेला, म्हणून ते दिसतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘अँटी-फ्लिकर’ असेल तर ते 50 करा, नसेल तर ट्यूब बंद करून लॅम्पवर भागवा.

आणि लॅपटॉप उचला. तो टेबलावर तसाच ठेवला की नाकपुड्या आणि छताचा पंखा दिसतो. खाली चार-पाच जाड दिवाळी अंक घाला, कॅमेऱ्याचं भिंग डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे. डोक्यावर तीन-चार बोटं जागा सुटावी आणि खाली छातीपर्यंत दिसावं. चष्म्यात पडद्याचा चौकोन चमकत असेल तर पडद्याचा उजेड कमी करा आणि लॅम्प आणखी वर घ्या.

प्रश्न : माझे इअरबड्स चांगले महागाचे आहेत, गाणी सुरेख वाजतात. तरी मुलाखतीत मला दोनदा सांगितलं गेलं, ‘आवाज विहिरीतून येतोय.’ असं का?

कारण गाणी ऐकताना ब्लूटूथ एका पद्धतीने चालतं आणि माइक सुरू झाला की बहुतेक बड्स दुसऱ्या, हलक्या दर्जाच्या पद्धतीवर जातात. तुम्हाला ऐकू येणारा आणि तुमचा जाणारा, दोन्ही आवाज दबतात. वर किंचित उशीर लागतो तो वेगळाच. वायरवाला साधा इअरफोन आणा. फक्त त्याचा माइक कॉलरला किंवा ओढणीला घासू देऊ नका, पलीकडे खरखर जाते.

आमचं मत स्पष्ट आहे : चित्र थोडं धूसर असलेलं चालतं, पण तुटणारा आवाज चालत नाही. समोरच्याला दर वाक्य पुन्हा विचारावं लागलं की तो पाचव्या मिनिटाला कंटाळतो. म्हणून खोलीचाही विचार करा. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. पलंगावर गोधडी पसरा, पडदे ओढा, पंखा बंद किंवा अगदी मंद ठेवा. कुकर आधी उतरवून घ्या. बेलवर कागद चिकटवा, आणि मावशींच्या कामाची वेळ मुलाखतीच्या वेळेशी भिडत असेल तर त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. गणपतीच्या आधीचे दोन महिने ढोलपथकाच्या सरावाजवळ राहत असाल तर संध्याकाळची वेळ घेऊच नका.

प्रश्न : हिंजवडीत पीजीवर असतो. मध्येच लाइट गेली किंवा नेट तुटलं तर?

पहिली गोष्ट, गुरुवार टाळता आला तर टाळा. पुण्यात महावितरणची देखभालीची कामं बहुधा गुरुवारी निघतात. टाळता येत नसेल तर लॅपटॉप पूर्ण चार्ज ठेवा. तरी राउटर बंद पडणारच, त्याला छोटा यूपीएस मिळतो. विकत घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरचं स्टिकर वाचा. बहुतेक 12 व्होल्टचे असतात, पण काही 9 चेही असतात आणि तिथेच फसगत होते.

नेटचा वेग तपासताना सगळे डाउनलोड बघतात. तुमचा चेहरा आणि आवाज जातो तो अपलोडमधून. झूमवर दोघांच्या कॉलला सुमारे 1.2 एमबीपीएसमध्ये 720पी, म्हणजे चांगलं स्पष्ट चित्र जातं, तेव्हा 3-4 एमबीपीएस अपलोड भरपूर झाला. मात्र तो मुलाखतीच्या वेळीच मोजा, कारण पीजीतली दहा पोरं रात्री नेटवर असतात. राउटर त्याच खोलीत असेल तर 5 गिगाहर्ट्झचं वायफाय धरा, दोन भिंती पलीकडे असेल तर 2.4 चं. केबल मिळाली तर प्रश्नच मिटला.

मोबाइलचा हॉटस्पॉट आधीच एकदा जोडून पाहा, म्हणजे ऐनवेळी पासवर्ड शोधायला नको. मुलाखत मोबाइलवरच देणार असाल तर एअरप्लेन मोड लावून मग वायफाय चालू करा, नाहीतर मध्येच मामांचा फोन येतो आणि माइक बंद पडतो. व्हॉट्सॲप कॉल तरीही येतात, म्हणून ‘डू नॉट डिस्टर्ब’ही लावा. एचआरचा नंबर कागदावर लिहून ठेवा. तुटलंच तर एक ओळीचा मेसेज करा : ‘वीज गेली, दोन मिनिटांत मोबाइलवरून जोडतो.’ परत आल्यावर पाच वेळा माफी मागू नका.

प्रश्न : मागे देव्हारा दिसतो. खोटी पार्श्वभूमी लावू का?

देव्हारा राहू द्या. दोरीवरचे कपडे काढा. खोटी पार्श्वभूमी लावली की तुम्ही हललात तर चित्रातला कान गायब होतो.

प्रश्न : बोलताना नेमकं कुठे बघायचं? आणि समोर चिठ्ठ्या लावल्या तर चालतील?

तुम्ही बोलत असाल तेव्हा भिंगाकडे, ते बोलत असतील तेव्हा पडद्याकडे. त्यांची चौकट ओढून भिंगाच्या अगदी खाली आणा आणि स्वतःची लपवा, म्हणजे केस नीट करण्याचा मोह टळतो. चिठ्ठी एकच लावा, भिंगाशेजारी, त्यावर पाच-सहा शब्द : प्रकल्पाचं नाव, दोन आकडे, विचारायचा एक प्रश्न. पूर्ण वाक्यं लिहिलीत की डोळे डावीकडून उजवीकडे सरकताना दिसतात. मुलाखत घेणाऱ्याला हे चटकन कळतं, आणि हल्ली संशय कॉपीचाच येतो. दुसरा मॉनिटर असेल तर बंदच ठेवा.

प्रश्न संपल्यावर मनात ‘एक, दोन’ म्हणून मगच बोला. आवाज पोचायला किंचित वेळ लागतो, घाई केली की दोघं एकदम बोलतात, मग दोघंही थांबतात. शिवाय तेवढ्यात उत्तराचं पहिलं वाक्य जुळवता येतं, मराठी माध्यमातून आलेल्यांना याचा फार उपयोग होतो. आणि जोडण्याआधी आपलं नाव काय दिसतंय ते तपासा. ताईचा लॅपटॉप मागून आणला असेल तर तिथे ताईचंच नाव झळकत असतं.