माईने बासष्ट वर्षं घासलेला गडू

तुम्ही विचारलंय, घरातली भरपूर आयुष्य जगलेली बाई गेल्यावर तिची आठवण सगळ्यात जास्त कशाने येते? मला एका पितळी गडूने येते. आणि तो गडू आमचा नाही.

माई म्हणजे माझी आजी, वडिलांची आई. जन्म 1927 चा, गेली 2023 साली, 96 वर्षांची होऊन. अठराव्या वर्षी लग्न होऊन पुण्यात, नारायण पेठेतल्या वाड्यात आली. तीन मुलं, सासू-सासरे, येणारं-जाणारं, सगळ्यांचं तिने केलं. त्याबद्दल ती कधी फारसं बोलायची नाही. बोलायची ते पुराबद्दल.

12 जुलै 1961, बुधवार. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने पुढे खडकवासल्याचंही फुटलं. लकडी पूल पाण्याखाली गेला. माई तीन मुलांना आणि सासूबाईंना घेऊन पर्वतीवर गेली. निघताना स्टोव्हवर दूध होतं. तो विझवला की नाही, हे तिला वर पोचल्यावर काही केल्या आठवेना, आणि खाली पेठा बुडत असताना ती तेवढाच विचार करत राहिली, असं ती सांगायची.

पाणी ओसरल्यावर परत आली तर माती-विटांचा वाडा बसला होता. गुडघ्याच्या वर चिखल. खडकवासलाच गेल्यामुळे नळाला पाणी नाही, आडाचं आणि हौदाचं आणायचं. त्या चिखलातून बायकांनी हातांनी भांडी उपसली. तेव्हा भांड्यांवर नाव घालायची पद्धत होती ना, छिन्नीने ठिपका ठिपका ठोकून, त्या नावांवरूनच ज्याचं त्याला मिळालं. "हे तुमचं पातेलं," "ही तुमची परात," असं दोन दिवस चाललं होतं. माईला आमची कळशी तीन घरं सोडून मिळाली.

हा गडू मात्र कुणीच आपला म्हणाला नाही. एका बाजूने चेपलाय. काठाखाली "चि. सौ. कां." एवढं वाचता येतं, पुढचं नाव चेपलेल्या भागात गेलंय. म्हणजे कुणातरी मुलीला लग्नात मिळालेला. माईने तो कधी वापरला नाही. दुसरीचं माहेर त्यात आहे, म्हणायची. पण दर दसऱ्याला आमच्या भांड्यांच्या आधी तो चिंचेने घासायची. घरं बदलली, पेठ सुटली, गडू बरोबर आला. हातांना कंप सुटला तेव्हा मी धरायचो आणि ती घासायची, ठिपक्यांवरून अंगठा हलकेच फिरवत, अक्षरं झिजू नयेत म्हणून. मला तिचे हात आठवतात ते असे, चिंचेने आंबूस वास येणारे.

शेवटच्या आजारपणात तिला आम्हा नातवंडांची नावं आठवत नव्हती. एका दुपारी मला म्हणाली, "अहो, त्या बाई आल्या का हो गडू न्यायला?" मी म्हणालो, येतील माई. "मग घासून ठेवा," म्हणाली.

यंदाच्या दसऱ्यालाही घासलाय. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी नारायण पेठेत, पुरात हरवलेल्या लग्नातल्या गडूची गोष्ट आजीकडून ऐकली असेल तर खाली जरूर लिहा. घरी आणून देईन.