जुन्या पोर्शे ९११ चा क्रँक कोणता, हे ओळखताना

मित्रा, इंजिन नंबरवर लगेच विश्वास टाकू नकोस. तो इंजिनच्या केसवर (बाहेरच्या कवचावर) कोरलेला असतो, आणि इतक्या वर्षांत आतला क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा) कुणीतरी बदललेला असू शकतो. बहुतेक नवखे इथेच फसतात. (मीही फसलो होतो.)

दुसरी चूक म्हणजे सीसीवरून (इंजिनच्या आकारमानावरून) अंदाज बांधणं. २.० आणि २.२ लिटरला एकच ६६ मिमी स्ट्रोक (पिस्टन वरून खालपर्यंत सरकतो ते अंतर). २.४ आणि २.७ ला ७०.४. म्हणजे फरक सिलिंडरच्या बोअरमध्ये (आतल्या व्यासात), क्रँकमध्ये नाही!

सुरुवातीला दोनच गोष्टी बघ:

- स्ट्रोक. हेड काढलेलं असेल तर पिस्टन वरून खालपर्यंत किती सरकतो ते व्हर्नियरने मोज. ७४.४ आलं तर तो ३.२ किंवा ३.३ टर्बोचा.
- फ्लायव्हीलचे (क्रँकच्या टोकाला बसणाऱ्या जड चाकाचे) बोल्ट. १९७८ च्या ९११ एससी मॉडेलचा स्ट्रोकही ७०.४ च, त्यामुळे नुसत्या मापाने घोटाळा होतो. पण त्याला नऊ बोल्ट, आधीच्या २.४ आणि २.७ ला सहा.

जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग) घासायला पॉलिश पेपर घेऊ नकोस, चिंधीने पुसलंस तरी पुरे. बेअरिंगची मापं, बॅलन्सिंग वगैरे नंतर. आधी बोल्ट मोजून सांग.