शिष्ट, उष्टे आणि एक नावडती नायिका

प्रश्न असा आहे: ‘आमच्या वाचनगटात जेन ऑस्टेनची रीजन्सी काळातली “एमा” ही कादंबरी वाचतो आहोत. पहिली शंभर पाने नायिका अजिबात आवडत नाही. चर्चेत सगळे तिला “शिष्ठ” म्हणतात. पण शिष्ठ म्हणजे सभ्य ना? मग बरोबर शब्द कोणता?’

आधी तो ठ काढा. ‘शिष्ठ’, ‘विशिष्ठ’, ‘अवशिष्ठ’ हे तिन्ही चूक आहेत आणि तिन्ही रोज वाचावे लागतात. धातूला ‘त’ लागून जी विशेषणे होतात त्यांत ट येतो: नष्ट, भ्रष्ट, तुष्ट, दुष्ट, शिष्ट. ‘सर्वांत अमुक’ अशा अर्थाचा ‘इष्ठ’ प्रत्यय असला की ठ: ज्येष्ठ, कनिष्ठ, बलिष्ठ. निष्ठा आणि प्रतिष्ठा यांतला ठ ‘स्था’कडून आला, ते बिऱ्हाड वेगळे. गर्विष्ठ हा इष्ठवाल्यांतला. रचनेने त्याचा अर्थ ‘गर्वात सर्वांवर कडी करणारा’, म्हणून ‘सर्वांत गर्विष्ठ’ म्हणणे म्हणजे टोपीवर टोपी. शिष्ट लिहिताना हात ठकडे वळतो तो माझ्या मते या गर्विष्ठाच्याच संगतीने.

शिष्टाचार, शिष्टमंडळ, शिष्टसंमत यांचे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत, त्यावर वेळ घालवत नाही. एवढेच पाहा की चांगला अर्थ आता संस्कृत घडणीच्या शब्दांतच उरला आहे. ‘अशिष्ट भाषा’ म्हणतो तेव्हाही तोच. सुटा ‘शिष्ट’ बोलण्यात आला की तो वाईटच: ‘फार शिष्ट आहे हो ती’, ‘शिष्टासारखा कोपऱ्यात बसला होता’. आणि मागे मराठी ‘पणा’ लागला की शंकाच नको. शिष्टाचार पाळतात, शिष्टपणा करतात.

आता खरी गंमत. ‘शिष्ट’ हे रूप एक, पण धातू दोन. पहिला शास्, म्हणजे शिकवणे, वळण लावणे. शास्त्र, शासन, शिष्य ही त्याची मंडळी. यातल्या ‘आ’चा ‘इ’ करण्यासाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्रच दिले आहे: ‘शास इदङ्हलोः’ (६.४.३४). दुसरा धातू शिष्, म्हणजे उरणे, वेगळे पडणे. धातुपाठात, म्हणजे धातूंच्या जुन्या यादीत, याचा एक अर्थ ‘असर्वोपयोगे’ असा दिला आहे, म्हणजे सगळे वापरून न संपवणे. पानात टाकणे या क्रियेची याहून नेमकी व्याख्या कुठल्याही भाषेत असेल असे वाटत नाही. शेष, अवशेष, विशेष, विशिष्ट, परिशिष्ट हे सगळे या घरातले. आणि उच्छिष्ट!

उच्छिष्ट मराठीत झिजत झिजत ‘उष्टे’ झाले. म्हणजे दुसरा धातू धरला तर ‘शिष्ट’ आणि ‘उष्टे’ हे सख्खे भाऊ ठरतात. एक ताठ मानेने बैठकीत बसलेला, दुसरा मोरीकडे निघालेला. गीतेत (३.१३) ‘यज्ञशिष्टाशिनः सन्तः’ आहे, तिथे ‘उत्’ हा उपसर्गही नाही, नुसते ‘शिष्ट’, आणि अर्थ यज्ञातून उरलेले अन्न. उष्ट्याला आपण उगाच हलके लेखतो. बाळाचे पहिले अन्न ते उष्टावण, नवऱ्याला लागून उरलेली ती उष्टी हळद, आणि ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात ‘व्यासोच्छिष्ट जगत्रय’: तिन्ही लोक म्हणजे व्यासांचे उष्टे.

इथे संस्कृतज्ञ नाक मुरडणार. त्यांच्या मते माणसाला लावायचा शिष्ट हा शास्-चाच, शिष्-चा इथे संबंध नाही. त्यांनी मत्स्यपुराण उघडावे. मन्वंतर संपल्यावर धर्म सांगण्यासाठी जे मागे उरतात, मनू आणि सप्तर्षी, ते शिष्ट, अशी व्युत्पत्ती तिथे सरळ शिष्-वरूनच लावली आहे. पुराणकारांना जे चालले ते पंडितांना का चालू नये, हे मला कधी कळले नाही.

अर्थ मात्र कसा उलटला ते पाहा. बौधायन धर्मसूत्राच्या सुरुवातीलाच शिष्टांची लक्षणे दिली आहेत: मत्सर गेलेले, निरहंकार, कुम्भीधान्य, अलोलुप, आणि दंभ, दर्प, लोभ, मोह, क्रोध यांपासून दूर. कुम्भीधान्य म्हणजे घरात घडाभर धान्यापलीकडे साठा नसलेले. पतंजलीच्या महाभाष्यातही कुम्भीधान्य आणि अलोलुप ही दोन लक्षणे तशीच आहेत. निरहंकार माणसाचा शब्द मराठीत अहंकाऱ्याला चिकटला तो कसा?

ठरीव उत्तर असे की उपरोधाने. ‘शहाणा’ जसा उपरोधाने वापरतात तसा. हे मला अजिबात पटत नाही. उपरोधाचा शब्द सुरावर चालतो. सूर साधा ठेवला की ‘शहाणी मुलगी’ ही शाबासकी असते, सूर चढवला की तीच खरडपट्टी. ‘शिष्ट मुलगी’ कुठल्याही सुरात म्हणा, शाबासकी होत नाही. तेव्हा माझे म्हणणे असे की मराठी बोलीतला शिष्ट शास्-च्या घरातून निघून शिष्-च्या घरी राहायला गेला. आपल्या लेखी शिष्ट तोच, जो वेगळा उरतो. चारचौघांत बसतो आणि चारचौघांतला होत नाही, हसायच्या जागी हसत नाही, विचारले तेवढ्याचेच उत्तर देतो. त्याला गर्व असेलच असे नाही. आपण तो गृहीत धरतो, कारण न मिसळण्याचे दुसरे कारण आपल्याला सुचत नाही.

प्रश्न एमाचा होता.

कादंबरी जॉन मरेने तीन खंडांत डिसेंबर १८१५ मध्ये काढली; शीर्षकपानावर साल १८१६, आणि अर्पण केली आहे खुद्द प्रिन्स रीजंटला, म्हणजे राजाऐवजी कारभार पाहणाऱ्या राजपुत्राला. (त्याच १८१५ साली पंढरपुरात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा खून झाला; पेशवाई बुडायला अजून तीन वर्षे होती.) आपल्याखेरीज फारशी कोणाला आवडणार नाही अशी नायिका घेते आहे, असे जेन ऑस्टेन म्हणाल्याचे तिच्या भाच्याने आठवणींत नोंदवले आहे. म्हणजे गटातल्यांना ती आवडत नाही हे ठरल्याप्रमाणेच चालले आहे.

पण शिष्ट? एमा वुडहाउस एकविसाव्या वर्षाला टेकलेली, देखणी, हुशार, तीस हजार पौंडांची वारस, आणि घरात तिला अडवणारे कोणी नाही. न मिसळणे हा तिचा दोष नव्हेच, ती नको तितकी मिसळते. आपल्या शिक्षिकेचे, मिस टेलरचे, लग्न आपणच जुळवले असे ती पहिल्याच प्रकरणात सांगते, आणि शेजारचा जमीनदार, घरचा स्नेही नाइटली तिथेच म्हणतो की तुझा फक्त अंदाज बरोबर आला. याला मराठीत चोंबडेपणा म्हणतात. जोडीला दीडशहाणी. सातव्या प्रकरणात भोळी मैत्रीण हॅरिएट हिच्याकडून, तिला मागणी घालणाऱ्या रॉबर्ट मार्टिनला नकार लिहवून घेते तिथपर्यंत हे दोन शब्द पुरतात.

चौथ्या प्रकरणासाठी मात्र तिसरा लागतो. मार्टिन हा नाइटलीचे कूळ, ॲबी-मिल फार्मवरचा, खाऊनपिऊन सुखी. एमा म्हणते, असल्या शेतकऱ्यांशी माझा संबंधच येत नाही. आणखी पायरी-दोन पायऱ्या खालचे असते तर निदान मदत तरी करता आली असती. मदतीची गरज नाही इतका वर, ओळख ठेवावी असा नाही इतका खाली. हा माज. त्याला मऊ शब्द शोधू नका.

वाचक चुकतात ते याच्या आधी, तिसऱ्या प्रकरणात. हॅरिएटचे ते मृदू निळे डोळे हायबरी या त्यांच्या गावातल्या खालच्या दर्जाच्या लोकांत फुकट जाता कामा नयेत, असे तिथे वाक्य आहे. अवतरणचिन्हे नाहीत, ‘एमाला वाटले’ नाही. निवेदन लेखिकेचे, विशेषणे एमाची. ज्यांना हे उमगत नाही ते लेखिकेलाच माजोरी ठरवून पुस्तक मिटतात. मराठी करताना तर ‘असे तिला वाटले’ घालून मजा घालवतात. मराठीत यासाठी सोय आहे, ती वापरावी: ‘असले डोळे, आणि ते म्हणे या हायबरीच्या हलक्या माणसांत वाया जायचे!’ एका ‘म्हणे’ने आणि एका उद्गारचिन्हाने वाक्य एमाच्या तोंडचे होते. गटात मोठ्याने वाचताना अशा वाक्यांखाली पेन्सिलीने रेघ मारून ती एमाच्या ठसक्यात वाचा, निवेदकाच्या आवाजात नको. पहिल्या खंडाच्या १८ प्रकरणांत अशा रेघा खूप पडतील.

मग ४३वे प्रकरण, बॉक्स हिलची सहल. गावात आलेला तरुण फ्रँक चर्चिल फर्मावतो की प्रत्येकाने एक फार चतुर, दोन मध्यम किंवा तीन अगदी नीरस गोष्टी सांगाव्यात. गरीब, बडबडी मिस बेट्स म्हणते, तीन नीरस ना, मी तोंड उघडले की झाल्याच. एमा म्हणते, पण अडचण आहे, एका वेळी तीनच हं.

इथे ‘उद्धट’ चालत नाही. उद्धट हे संस्कृत ‘उद्धत’वरून, वर उसळलेले, उद्धटपणा वरच्या माणसाशी करतात, खालच्याशी नव्हे. ‘फटकळ’ही नाही. फटकळ माणूस हिशेब न करता बोलतो, आणि एमाच्या वाक्यात हिशेबच तर आहे. इथला शब्द ‘लागट’. तो बोलणाऱ्याच्या स्वभावापेक्षा ऐकणाऱ्याच्या जखमेकडे बोट दाखवतो, आणि नाइटलीही नंतर तेच करतो. ही बाई गरीब आहे, जन्मापासूनच्या स्थितीवरून खाली आली आहे आणि पुढे आणखी खाली जाईल, हे तो एमाला ऐकवतो. गाडीत ती जवळजवळ घरापर्यंत रडते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिस बेट्सच्या घरी जाते. ज्यांना ती आवडायला लागते त्यांना ती इथून आवडते.

आता उष्ट्याकडे परत, कारण तो मुद्दा या कादंबरीतही येतो. बेट्स मायलेकींचे घर शेजाऱ्यांच्या पाठवण्यावर चालते. २१व्या प्रकरणात एमाचे वडील चर्चा करत बसतात की डुकराच्या मांसातली मांडी पाठवावी की कंबरेकडचा भाग. एमा सांगते, मी मागचा अख्खा भाग पाठवूनही दिला. नाइटली साठ्यात होती तेवढी सगळी सफरचंदे पाठवतो आणि स्वतःला एकही ठेवत नाही. ‘असर्वोपयोग’ इथे कुठेच नाही, कोणी उरलेले देत नाही. एमाचा हात सढळ आहे, तुटवडा फक्त जिभेवर. तिला कंजूष किंवा ‘खडूस’ म्हणणाऱ्यांनी ही पाने पुन्हा वाचावीत.

मग शिष्ट कोण? मिस बेट्सची भाची जेन फेअरफॅक्स. अनाथ, बुद्धिमान, गाणेबजावणे एमापेक्षा सरस, आणि तोंडातून शब्द काढील तर शपथ. २०व्या प्रकरणात एमा तिच्याकडून फ्रँक चर्चिलबद्दल काही काढू पाहते आणि हाती काही लागत नाही. तिचा हा अबोलपणा एमाला किळस यावी इतका वाटतो. आपल्याकडची कुठलीही एमा अशा मुलीला ‘शिष्ट’ म्हणून मोकळी झाली असती. जेनचे ऑक्टोबरमध्येच वेमथला फ्रँकशी गुपचूप लग्न ठरलेले असते, म्हणून ती बोलत नाही. (दोनशे वर्षांचे गुपित आहे, फोडले तर चालेल.) ४५व्या प्रकरणात एमा तिच्यासाठी उत्तम प्रतीचे आरारूट पाठवते आणि ते अर्ध्या तासात परत येते. वरवर पाहता शिष्टपणाचा कळस, पण कारण वेगळेच. मी वर जे म्हटले, की शिष्ट हा न मिसळणाऱ्याला लावलेला आळ आहे, त्याला याहून चांगला पुरावा नको. ज्यांना तरीही उपरोधाचीच उपपत्ती हवी त्यांनी जेनला ‘शहाणी’ म्हणून बघावे, जमते का.

प्रश्नातल्या ‘रीजन्सी’चे मराठी करायचे झाले तर ‘राजेशाही’ करू नका. तिसऱ्या जॉर्जला वेड लागल्याने फेब्रुवारी १८११ ते जानेवारी १८२० मुलाने रीजंट म्हणून कारभार पाहिला, ती रीजन्सी. आपल्याकडचा जवळचा नमुना १७७४चा, सवाई माधवराव पाळण्यात असतानाचा. त्या हिशेबाने ही बारभाईंच्या काळातली प्रेमकथा झाली. ‘बारभाई’ हा शब्द मात्र आता भलत्याच कारभाराला लागतो, तेव्हा ‘रीजन्सी’च ठेवा.

राहिली गावच्या पाद्र्याची बायको मिसेस एल्टन, तिलाही कोणी शिष्ट म्हणेल. ती आढ्यताखोर. आढ्य म्हणजे धनवान, आणि हिचे धन बरेचसे मेहुण्याचे: त्याचा मेपल ग्रोव्ह हा वाडा, त्याची बारूश-लँडो गाडी. स्वतःची रक्कम ‘दहा हजार म्हणता येतील इतके हजार’, असे लेखिकेनेच लिहून ठेवले आहे. ती ३२व्या प्रकरणात येते, आणि तिच्या शेजारी बसवली की एमा तुमच्या गटाला एकदम सुसह्य वाटू लागेल.