वाचक विचारतात : लँकेस्टरमधले सातजण

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातले लँकेस्टर बॉम्बर पाडले गेले, तर त्यातल्या सातजणांपैकी किती वाचत? सर्वांकडे पॅराशूट असूनही इतके का मरत? (वाचक, नाशिक)

उत्तर : सरासरी एकच. ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या संशोधन विभागात काम केलेले फ्रीमन डायसन यांनी दिलेल्या आकड्यांनुसार, पाडलेल्या लँकेस्टरमधून सुमारे १५ टक्के माणसे जिवंत सुटत. हॅलिफॅक्स आणि स्टर्लिंग या दुसऱ्या ब्रिटिश बॉम्बरमधून सुमारे २५ टक्के. एक मोठे कारण होते सुटकेचे झाकण. लँकेस्टरच्या नाकात, जमिनीतच असलेले हे झाकण २२ इंच रुंद होते. हॅलिफॅक्सचे २४ इंच. जाड उबदार कपडे आणि छातीवर पॅराशूट अशा अवस्थेत अंधारात बाहेर पडणाऱ्याला ते दोन इंच फार महाग पडत.

पॅराशूटही बहुतेकांच्या अंगावर नसे. वैमानिक त्याच्यावरच बसलेला असे. बाकी बहुतेकांचे जवळच्या कप्प्यात ठेवलेले. हुकूम मिळताच ऑक्सिजनची नळी, इंटरकॉमची वायर आणि विजेवर गरम होणारा सूट असेल तर त्याची जोडणी सोडायची, पॅराशूट काढून छातीवरच्या दोन हुकांना अडकवायचे, मग झाकणाकडे. एक जोडणी राहिली तरी माणूस अडकून पडे. विमान गिरक्या घेत कोसळू लागले की शरीर भिंतीला दाबले जाई आणि हातसुद्धा उचलत नसे.

बॉम्ब टाकणारा जवळजवळ झाकणावरच पालथा झोपलेला असायचा, म्हणून त्याला वाट सर्वांत जवळ. वैमानिक मात्र इतरांना उडी मारता यावी म्हणून शेवटपर्यंत विमान सरळ धरून बसे. मागच्या दोन गनरना पुढे यायचे तर विमानाच्या पोटातून आडवा गेलेला पंखांचा जाड खांब ओलांडावा लागे. मागचे दार होते, पण तिथून उडी मारली तर शेपटीचा पंख लागण्याची भीती. शेपटीतल्या गनरचे पॅराशूट टरेटच्या, म्हणजे बंदुकांच्या फिरत्या कोठीच्या बाहेर, दारामागे टांगलेले असे. ते आत घेऊन टरेट आडवे फिरवायचे आणि पाठीवर बाहेर पडायचे, ही त्याची वाट. टरेट मात्र इंजिनावर चालणाऱ्या पंपाने फिरे. नेमके ते इंजिन बंद पडले तर हाताने गरागरा फिरवत बसायचे.

प्रश्न : ३० मोहिमा पूर्ण केल्या की सुट्टी, असे वाचले. त्या पूर्ण होण्याची शक्यता किती? (वाचक, सांगली)

उत्तर : हिशेब करून पाहा. दर मोहिमेला १०० पैकी ४ विमाने परतली नाहीत असे धरले, तर ०.९६ ला स्वतःशी ३० वेळा गुणायचे. उत्तर येते ०.२९, म्हणजे दहातले तीन. पाच टक्के धरले तर जेमतेम दोन. प्रत्यक्षात प्रमाण महिन्यागणिक बदले. ३०-३१ मार्च १९४४ च्या रात्री न्यूरेंबर्गवर गेलेल्या ७९५ विमानांपैकी ९५ परतली नाहीत.

त्याच वसंतात वरिष्ठांनी ठरवले, फ्रान्समधली लक्ष्ये सोपी, तेव्हा ती मोहीम एक तृतीयांश धरायची. मग मे १९४४ च्या सुरुवातीला फ्रान्समधल्या माय-ले-कां इथल्या जर्मन लष्करी छावणीवर हल्ला झाला आणि एका रात्रीत ४२ लँकेस्टर गेली. नियम लवकरच मागे घेतला. अर्धवट मोजणी कागदावर सोपी असते.

प्रश्न : ‘बेपत्ता’ असा शेरा आल्यावर पुढे काय होई? (वाचक, पणजी)

उत्तर : घरी तार जाई, पाठोपाठ स्क्वाड्रनप्रमुखाचे पत्र. तळावरची माणसे त्याचे सामान आवरून यादी करत. युद्धकैदी झाला असेल तर रेड क्रॉसकडून कळे. सहा महिने काहीच न कळल्यास सरकारी कामासाठी मृत धरले जाई.

युद्धानंतर शोधपथकांनी युरोपभर कबरी उकरून तपासल्या. ओळखीचे बिल्ले दाबलेल्या तंतूंचे, त्यामुळे आगीत जळून जात. मग कपड्यावरची धोब्याची खूण, बाहीवरचे हुद्द्याचे पट्टे, बंदुकांचे आणि इंजिनांचे क्रमांक यांवरून कोडे सोडवावे लागे. इंजिन कोणत्या विमानाचे हे कळले, की त्या रात्रीच्या नोंदीतून सात नावे मिळत. ज्यांचा पत्ता लागलाच नाही अशा २०,००० हून अधिक हवाई सैनिकांची नावे लंडनजवळच्या रनीमीड इथल्या स्मारकावर आहेत. ते १९५३ मध्ये खुले झाले.

अशा हवाई सैनिकाचे जुने लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, हाती आले तर लाल शाई पाहा : ती रात्रीच्या उड्डाणांची. ‘गार्डनिंग’ वाचून फसू नका, ते समुद्रात सुरुंग टाकण्याचे सांकेतिक नाव आहे. तारीख आणि स्क्वाड्रन समजले, की पुढचे काम लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात. ‘एअर २७’ या मालिकेत स्क्वाड्रनच्या रोजच्या नोंदी आहेत. तिथे विमानाचा क्रमांक, सातही नावे आणि उड्डाणाची वेळ मिळते. परतण्याच्या वेळेचा रकाना रिकामा असेल, तर विमान गेले असे समजा.