दोन दिवसांत म्हातारचळ लागत नाही

न्यू जर्सीहून एका भगिनींनी विचारले आहे: सांगलीहून आलेल्या 78 वर्षांच्या सासूबाई परवा रात्रीपासून दिवंगत सासऱ्यांना हाका मारतात, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणतात आणि दिवसा पेंगतात, हा स्मृतिभ्रंश असावा अशी यजमानांना शंका आहे, तर सासूबाईंना परत पाठवावे का?

आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘परवा’ हा आहे. अल्झायमरसारखा स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने, नकळत वाढत जातो आणि सुरुवातीला तरी माणूस जागा, समोरच्याकडे लक्ष देणारा असतो. उलट काही तासांत वा दिवसांत उद्भवणारा, घटकेत निवळणारा, रात्री बळावणारा आणि मुख्यतः अवधान हिरावून घेणारा गोंधळ म्हणजे डिलिरियम, ज्याला आपल्या आजीच्या पिढीने ‘वात झाला’ म्हटले असते. त्यांना शनिवारपासून वार उलटे म्हणायला सांगून पाहा. धागा मध्येच सुटत असेल, तर संशय बळावतो. गप्प, सुस्त पडून राहणारा डिलिरियमही असतो आणि तो ‘प्रवासाचा शीण’ म्हणून हमखास निसटतो.

डिलिरियममागे बहुधा शरीरातील एखादे कारण असते, कधी एकाहून अधिक. लघवीचा किंवा फुप्फुसाचा जंतुसंसर्ग (वृद्धांत तो तापाशिवायही असू शकतो), पाणी कमी पिणे, बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, घसरलेली साखर, रक्तदाबासाठी दिलेल्या लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांमुळे उतरलेले सोडियम. भारतातून आणलेली झोपेची गोळी संपल्याने ती अचानक बंद झाली असेल, तरीही असे होते. त्याहून मला शंका येते ती दुकानातून सहज आणलेल्या औषधाची: अमेरिकेत नावापुढे ‘पीएम’ लिहिलेल्या वेदनाशामक गोळ्यांत सहसा डायफेनहायड्रामीन हे झोप आणणारे ॲलर्जीचे औषध असते, आणि ते स्मरण व अवधानासाठी लागणाऱ्या ॲसिटिलकोलिन या रसायनाचे कार्य मेंदूत रोखते. अलीकडे सासूबाई पडल्या असतील, विशेषतः रक्त पातळ करणारे औषध चालू असताना, तर डोक्यात रक्तस्राव नाही ना, हे पाहावेच लागते.

म्हणून आजच तातडीच्या विभागात न्या. विम्याच्या धास्तीने सोमवारची वाट पाहू नका. गोळ्यांची पूर्ण पिशवी, चष्मा आणि श्रवणयंत्र सोबत घ्या, कारण नीट दिसले-ऐकू आले नाही तर गोंधळ वाढतो. मराठी दुभाषा मागा. इंग्रजी प्रश्नांना उत्तर न येणे हे आजाराचे लक्षण नव्हे. ‘गेल्या आठवड्यात त्या स्वतः भाजी निवडत, हिशेब ठेवत होत्या’ हे डॉक्टरांना सांगणारे तुमच्याशिवाय तिथे कोणी नाही.

मुळात सौम्य स्मृतिभ्रंश असलेल्यांना डिलिरियम लवकर होतो, त्यामुळे यजमानांची शंका अगदीच निराधार नाही. मात्र स्मरणशक्तीची तपासणी हा गोंधळ पूर्ण निवळल्यावर, म्हणजे कदाचित काही आठवड्यांनी करावी, आणि परतीच्या तिकिटाचा निर्णयही तोवर थांबवावा. या अवस्थेत लांबचा विमानप्रवास त्यांना झेपणार नाही.