पहिल्या सरीची बाटली

रत्नागिरीच्या रस्त्यांवरून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्यातलं प्रदूषण अभ्यासायचा तुझा आराखडा वाचला. मॉडेल नंतर कर रे, आधी मोजमाप. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरातच. उरलेले आठ महिने रस्त्यावर साचलेलं तेल, टायरची भुकटी, तिच्यातलं जस्त पहिल्या सरींबरोबर गटारातून पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, उतरतं. ऑगस्टात नमुने घेतलेस तर पाणी बरंच स्वच्छ निघेल आणि फसशील. पहिल्या सरीला अर्धा तास दर ५ मिनिटांनी बाटली भर. रात्री दोनला आली तरी उठायचं!

शोषखड्ड्यांसाठी पाणी मुरण्याचे परदेशी आकडे उचलू नकोस. इथला जांभा दगड पाणी पितो खरा, पण भर श्रावणात तो आधीच तुडुंब असतो. मुरण्याचा वेग तेव्हाच मोज. आणि खाडीकाठच्या गटारांवर प्रत्येक नमुन्यासोबत भरती-ओहोटीची वेळ लिही. भरतीत गटार उलटं वाहतं.