प्रादेशिक अर्थतज्ज्ञ म्हणून अमेरिकेत यावे का?

मुंबईतील रिझर्व्ह बँकेचा संशोधन विभाग सोडून, पतीला आणि शाळकरी मुलाला घेऊन, अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, म्हणजे फेडरल रिझर्व्हच्या, एखाद्या जिल्हा बँकेत अर्थतज्ज्ञ म्हणून यावे का, असे तुम्ही विचारले आहे. अकरा वर्षांपूर्वी मीही याच वाटेने आलो, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचल्यापासून मन स्वस्थ नाही. अर्ज, पगार आणि व्हिसाचे प्रकार अधिकृत संकेतस्थळांवर आहेत. ते सोडून देतो.

१९१३ च्या कायद्यानुसार ही व्यवस्था बारा जिल्ह्यांत विभागली गेली. मी ज्या दहाव्या जिल्ह्याचा अभ्यास करतो, त्याचे मुख्यालय कॅन्सस सिटीत असून त्यात कॅन्सस, नेब्रास्का, ओक्लाहोमा अशी गहू, गुरे आणि तेलावर जगणारी राज्ये येतात. वर्षातून आठ वेळा, व्याजदर ठरवणाऱ्या समितीच्या बैठकीच्या साधारण दोन आठवडे आधी, प्रत्येक जिल्ह्याची स्थिती सांगणारे ‘बेज बुक’ प्रसिद्ध होते, आणि ते मुख्यतः आकड्यांवर नव्हे, तर स्थानिक उद्योजक आणि बँकर यांच्याशी झालेल्या बोलण्यावर उभे असते. ही माणसे परक्याशी मोकळेपणाने बोलत नाहीत. माझे बालपण परभणीजवळ गेले. जूनचा पाऊस म्हणजे आनंद, एवढेच मला ठाऊक. पहिल्या वर्षी एका ग्रामीण बँकरला मी चांगल्या पावसाबद्दल शुभेच्छा दिल्या, तेव्हा त्याच्या कर्जदारांचा गहू कापणीसाठी शेतात उभा होता. त्याने न रागावता समजावून सांगितले, आणि प्रदेश जाणून घेणे म्हणजे काय, हे मला त्या दिवसापासून उमगू लागले. आज कॅन्ससचा गहू मला कळतो, परंतु आमच्या शेतात सोयाबीनची पेरणी झाली का, हे भावाला विचारावे लागते.

एकटेपणाविषयीही तुम्ही विचारले आहे. तो असतो, आणि कामात निभावतो.

मुलीच्या शाळेचे मात्र अजून सलते. ती सात वर्षांची होती. प्रवेशाच्या फॉर्मवर ‘घरी कोणती भाषा बोलता’ असा प्रश्न होता आणि मी सरळ ‘मराठी’ असे लिहिले. तेवढ्यावरून तिची इंग्रजीची चाचणी झाली, आणि बुजून ती काहीच न बोलल्यामुळे वर्षभर तिला रोज वर्गातून उठवून वेगळ्या शिकवणीला बसवले गेले. इंग्रजी तिला येत होते. त्यानंतर ती घरी मराठी बोलेनाशी झाली. आता ती अठरा वर्षांची आहे. ग्रीन कार्डांत, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यांत, एका देशाचा वाटा ७ टक्क्यांपुरता असल्याने आमची रांग संपत नाही, आणि एकविसाव्या वर्षी मूल सहसा पालकांच्या अर्जातून गळते. म्हणून मी वर्षे मोजतो आहे.

तुमच्याही पुढे तो फॉर्म येईल. मराठी लिहू नका, असे मला सांगवत नाही, कारण लोकांनी माझ्या प्रश्नांना खरी उत्तरे द्यावीत, यावरच माझी नोकरी चालते. आणि लिहा असे म्हणताना मुलीचा चेहरा समोर येतो.